राखणारी पाठ

मराठीत पाठीचा लौकिक फारसा बरा नाही. पाठ दाखवतो तो भित्रा, पाठ फिरवतो तो कृतघ्न, आणि पाठीत सुरा खुपसणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. अपराध्याला वाचवले की आपण म्हणतो, त्याला पाठीशी घातले. पाठ थोपटणे, पाठीवर हात ठेवणे हे वाक्प्रचार चांगले आहेत, पण त्यांत चांगुलपणा दुसऱ्याच्या हाताचा असतो. पाठ नुसती थोपटून घेते. 'पाठराखण' ह्या सुंदर शब्दातही पाठ राखली जाते, ती स्वतः काही राखत नाही. बंगालीतही 'पृष्ठप्रदर्शन' म्हणजे रणांगणातून पळ काढणे. म्हणजे मी ज्या दोन भाषांमध्ये दिवसभर ये-जा करते, त्या दोन्हींत पाठ वळवणे ही नामुष्कीची गोष्ट आहे.

आणि ह्या शहरात रविवारी सकाळी सहा-सात वर्षांच्या मुलांना नेमके तेच शिकवले जाते.

चेंडू पायाशी घेऊन चाललेल्या मुलाने, तो हिसकावायला कुणी आले की, चेंडू आणि ते दुसरे मूल ह्यांच्यामध्ये आपले शरीर आणायचे. छाती समोर करून उभे राहायचे नाही. अंग तिरके करून एक खांदा समोरच्याकडे ठेवायचा. गुडघे वाकवायचे, कंबर खाली घ्यायची, चेंडू दूरच्या पायाकडे न्यायचा. समोरच्याकडचा हात अंगापासून थोडा सुटा ठेवायचा. ढकलण्यासाठी नव्हे, तो कुठे आहे हे कळावे म्हणून. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूला पाठ फिरत राहिली पाहिजे. आणि मान वर हवी, कारण आपले कोण मोकळे आहे ते दिसले पाहिजे. इंग्रजीतला शील्डिंग हा शब्द मैदानावर सर्रास चालतो. घरगुती बंगालीत ह्याला 'आगले राखा' म्हणता येईल: कवेत घेऊन, जपून राखणे. आई मुलाला आगले राखते, म्हातारी माणसे जुनी पत्रे आगले राखतात.

दक्षिण कोलकात्यातल्या अशाच एका मैदानाच्या कडेला एका नातवाची आजी माझ्या शेजारी बसलेली असे. तिला मी माशिमा म्हणते. एकदा ती म्हणाली, "घरी आम्ही सांगतो, वाटून खा, पाहुण्याकडे पाठ करून बसू नकोस. इथे येऊन हा शिकतो काय, तर पाठ कर आणि आपले आपल्यापाशी ठेव. मग घरी येऊन धाकट्या बहिणीशीही तेच करतो." ती हे हसत म्हणाली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहा वर्षांच्या मुलाला खेळ आणि आयुष्य वेगळे काढता येत नाही. शरीराला लागलेले वळण मनाला लागतेच, असे मानणारी परंपरा आपली आहे. वाकून नमस्कार करायला आपण त्याच भरवशावर शिकवतो. मग दुसऱ्याकडे पाठ करून आपल्याजवळचे राखायला शिकवणे हे कोणते वळण?

ह्यावर दोन उत्तरे नेहमी मिळतात. एक, हा नुसता खेळ आहे, एवढा विचार करू नये. दुसरे, जग निर्दय आहे, मुलांनी टिकायला शिकले पाहिजे. पहिले उत्तर मुलांना कमी लेखते आणि दुसरे जगाला. दुसरे जास्त घातक, कारण ते ऐकणाऱ्या मुलाच्या मनात समोरून येणारा प्रत्येक जण लुटारू होतो. माशिमांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ते खेळाच्या आतच सापडले पाहिजे.

लहान मुलांचा फुटबॉल पाहिला असेल त्याला ठाऊक आहे की तिथे मैदान नसतेच, मोहोळ असते. चेंडू जिकडे जातो तिकडे दहा-बारा मुले घोंघावत जातात. काठावरून पालक ओरडत असतात, "पास दे, पास दे." पण त्या मोहोळाच्या मधोमध असलेल्या मुलाने पास द्यायचा तर आधी मान वर करून पाहायला हवे, आणि मान वर केली की चेंडू गेला. पास द्यायला इच्छा पुरत नाही, दोन-तीन क्षणांची फुरसत लागते. ती फुरसत कुणी आणून देत नाही. आपले शरीर मध्ये घालून ती मिळवावी लागते. शील्डिंग म्हणजे तेवढ्या वेळाची कमाई. वाटून घेण्याच्या विरुद्ध असलेली ही गोष्ट नाही, ती वाटून घेण्याची पूर्वतयारी आहे.

ह्या मोहोळात दोन प्रकारची मुले ओळखू येतात. एक, चेंडू मिळाला की खाली मान घालून धावत सुटणारे. त्याला आपण हावरट म्हणतो आणि त्याच्यावर ओरडतो. दुसरे, कुणी जवळ येताना दिसले की पायातला चेंडू सोडून बाजूला होणारे. त्याच्यावर कुणी ओरडत नाही. मुलगी असेल तर कौतुकच होते: शहाणी आहे, भांडत नाही. मला ह्या दुसऱ्या मुलाची जास्त काळजी वाटते. कारण त्याने चेंडू दिलेला नसतो. त्याच्याकडून तो सुटलेला असतो. देणे आणि सुटणे ह्यांत बाहेरून फरक दिसत नाही; दोन्हींत वस्तू ह्या हातातून त्या हातात जाते. पण देणाऱ्याला ती ठेवता आली असती. ज्याला ठेवताच येत नाही त्याच्या उदारपणाला काय अर्थ? भीतीने सोडलेल्या गोष्टीला औदार्य म्हणण्याची सवय मोठ्यांना फार सोयीची असते, आणि ती सर्वांत आधी मुलींना लावली जाते. बसमध्ये अंग चोरून बसायचे, रस्त्यात बाजूला व्हायचे, बोलताना मध्ये कुणी बोलले की थांबायचे. अशा मुलीला कुणी सांगते, "पाय फाकव, कंबर खाली घे, ही जागा आता तुझी आहे, हलू नकोस," तेव्हा तिला फुटबॉलपेक्षा बरेच काही शिकवले जात असते.

पण एवढ्यावर थांबले तर माशिमांचा आक्षेप पुरता सुटत नाही. जागा घ्यायला शिकवले, ठीक. त्या घेण्याला मर्यादा कोणती?

मर्यादा फुटबॉलच्या बाराव्या नियमात आहे. त्या नियमात चेंडूची अशी राखण चालते, पण तिच्यासोबत तीन अटी येतात. पहिली, चेंडू तुमच्या खेळण्याच्या टप्प्यात हवा. चेंडू लांब गेला आणि तरीही तुम्ही दुसऱ्याची वाट अडवून उभे राहिलात तर ती राखण नव्हे, अडवणूक, शिट्टी वाजते. दुसरी, हाताने किंवा शरीराने समोरच्याला रोखून धरायचे नाही. मध्ये असणे चालते, त्याला धरून ठेवणे चालत नाही. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: चेंडू टप्प्यात ठेवून तुम्ही असे उभे राहिलात की समोरच्यालाही तुम्हाला खांद्याने रीतसर धक्का देण्याचा हक्क मिळतो. म्हणजे जो राखतो तो धक्का खायला तयार असला पाहिजे. राखायचे पण आपल्याला कुणी हात लावायचा नाही, ही सवलत इथे नाही.

नीतीच्या पुस्तकांत मालकीबद्दल एवढे नेमके क्वचितच वाचायला मिळते. जॉन लॉकच्या मते माणूस एखाद्या वस्तूत आपले श्रम मिसळतो म्हणून ती त्याची होते. फुटबॉलमध्ये घाम कितीही मिसळला तरी चेंडू कुणाचा होत नाही. तो पायाशी आहे तोवर त्याची जबाबदारी तुमची, बस. ही मालकी नव्हे, विश्वस्तपणा आहे. आपल्याकडे शेताची राखण करणारा शेताचा मालक नसतो आणि कोकणात गावाचा राखणदार गाव विकत घेत नाही. मुलाला 'माझा चेंडू' आणि 'माझ्याकडचा चेंडू' ह्यांतला फरक शब्दांनी समजावता येणार नाही. पण दहा सेकंद चेंडू राखून तो मित्राकडे ढकलल्यावर त्याच्या शरीराला तो कळतो. माशिमांच्या नातवाला ह्यातला पहिलाच भाग कळला असावा. बहिणीशी भांडताना दुसरा भाग त्याला कुणीतरी आठवून द्यायला हवा, आणि ते घरच्यांनाही जमेल.

कोलकात्याच्या मैदानाला तर हे फार शोभते. गडेर माठ म्हणजे गडाचे मैदान. मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहामेडान स्पोर्टिंग ह्या मोठ्या क्लबांचे ठाणे तिथे, पण जमीन लष्कराची. क्लबांच्या तिथल्या घरांना अजूनही तंबू म्हणतात. मोहन बागानची स्थापना 1889ची असली तरी मैदानात त्याचा तंबूच. हे मैदान जन्माला आले तेही राखणीपायी. 1757च्या प्लासीनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला, गोविंदपूर गाव उठवले, जंगल तोडले, तोफांच्या माऱ्यासाठी भोवती मोकळी जागा सोडली. त्या जागेत पुढे मुले खेळू लागली.

ह्या शहराची त्याआधीची एक राखण आम्हा मराठी माणसांमुळे झाली होती. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैलांच्या आसपास खणून झाला. बर्गी बंगालभर धुमाकूळ घालत राहिले, बंगाली आयांच्या अंगाईत कायमचे जाऊन बसले, पण ह्या खंदकापर्यंत आले नाहीत. 1799 मध्ये तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड करण्यात आला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र ह्यांची नावे आहेत. त्यावरून बसने जाताना मला खंदक आणि शील्डिंग ह्यांतला फरक नेहमी जाणवतो. खंदक समोरच्याला पाहत नाही. तो आला काय, न आला काय, खंदक तिथेच असतो, आणि आतल्यांनाही बाहेर जाऊ देत नाही. फुटबॉलमधली पाठ मात्र समोरच्यासोबत फिरते. तो डावीकडे गेला की ती डावीकडे वळते. तिला तो क्षणोक्षणी कळावा लागतो.

इथे पाठ फिरवणे म्हणजे समोरच्याला नाकारणे, हा समज गळून पडतो. तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास ह्यांनी आपली सगळी नीती दुसऱ्याच्या चेहऱ्यापाशी सुरू केली: तो चेहरा माझ्याकडे पाहतो आणि मी बांधला जातो. पण त्यांनीच वासिली ग्रोसमन ह्यांच्या 'लाइफ अँड फेट' कादंबरीतल्या एका प्रसंगाकडे लक्ष वेधले. अटकेतल्या आप्तांची खबर काढायला माणसे मॉस्कोच्या तुरुंगाच्या खिडकीसमोर रांगेत उभी आहेत. प्रत्येकाला दिसते ती फक्त पुढच्याची पाठ, आणि त्या पाठीवर, मानेवर, खांद्यांवर सगळी यातना वाचता येते. म्हणजे चेहरा चेहऱ्यातच असतो असे नाही. मैदानावर ह्याची उलट बाजू दिसते. राखणारे मूल पाठीने समोरच्याला वाचत असते: त्याचा श्वास कुठल्या बाजूने येतो, त्याचा भार कुठल्या पायावर आहे, तो थकला आहे की अजून जोर आहे. एवढ्या बारकाईने समोरच्याचा विचार मुले एरवी करत नाहीत. आणि खेळ थांबल्यावर ह्याच दोन मुलांची सर्वांत जास्त मैत्री असते, हेही मी पाहिले आहे. एकमेकांचे वजन ठाऊक असलेली माणसे सहसा एकमेकांना घाबरत नाहीत.

कोलकात्यात ह्या कौशल्याचे गोडवे मात्र कुणी गात नाही. गोडवे असतात ते 'काटानो'चे, एकामागून एक गडी चकवत जाण्याचे. चुनी गोस्वामींच्या ड्रिब्लिंगच्या गोष्टी अजूनही चहाच्या ठेल्यावर ऐकायला मिळतात, कृशानू देच्या डाव्या पायाच्याही. बचावातल्या गोष्ठ पाल ह्यांना लोकांनी चीनची भिंत केले आणि मैदानाजवळ त्यांचा पुतळा उभारला. चकवणारा आणि अडवणारा, दोघांना नावे मिळाली. मधल्या राखणाऱ्याला नाही. 29 जुलै 1911 रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला 2–1 असे हरवले, हे इथे शाळकरी मुलालाही पाठ असते. बरोबरीचा गोल कर्णधार शिवदास भादुडींचा, विजयाचा अभिलाष घोषांचा. अकरातले दहा अनवाणी. त्या चषकाचे नावच 'ढाल' आहे. पण त्या दुपारी बुटांच्या गराड्यात अनवाणी पायाने कुणी कुणासाठी किती क्षण चेंडू राखला, ते कुणाच्या गोष्टीत येत नाही. राखण यशस्वी झाली की तिचे श्रेय पुढच्याकडे जाते. मुलाला हे शिकवणे म्हणजे नाव न होणाऱ्या कामाची गोडी लावणे, आणि हे आजच्या काळात सोपे नाही.

अभिमन्यूची गोष्ट इथे आठवते. आपण ती अर्धवट शिक्षणाची गोष्ट म्हणून सांगतो: आत शिरायचे त्याला ठाऊक होते, बाहेर पडायचे नाही. पण चक्रव्यूहात तो एकटा पडला तो मागून येणारे पांडव जयद्रथाने अडवले म्हणून. एकट्याने किती वेळ टिकायचे ह्याला सीमा असते. राखणे ही आपल्या माणसांच्या भरवशावर केलेली गोष्ट आहे. कुणीतरी येते आहे, हे त्यात गृहीत आहे. म्हणून चेंडू राखणाऱ्या मुलापेक्षा बाकीच्यांना शिकवायचे ते जास्त अवघड असते: तो तिथे अडकला आहे, त्याला दिसेल अशा जागी जा. ज्या संघात मदतीला कुणी येत नाही तिथले मूल हावरट होते. तो त्याचा स्वभाव नसतो, अनुभव असतो.

हे कौशल्य बिघडते कसे, तेही सांगायला हवे. मोठ्यांच्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत एक गोलने पुढे असलेला संघ चेंडू कॉर्नरच्या झेंड्यापाशी नेतो आणि तिथे पाठ करून उभा राहतो. नियमात बसते. पण ते राखणे कुणाला देण्यासाठी नसते, दुसऱ्याचा वेळ संपवण्यासाठी असते. मुले टीव्हीवर ते पाहतात आणि दुसऱ्या दिवशी करून बघतात. त्यांना रागावण्यात अर्थ नाही; "आता पुढे काय करणार आहेस?" एवढे विचारावे. राखण्याला 'पुढे' असेल तर ती राखण, नसेल तर साठवण.

दुसरा बिघाड शिकवणाऱ्यांचा. एक खेळ सगळीकडे खेळवला जातो: आखलेल्या चौकोनात प्रत्येकाकडे चेंडू, आपला राखायचा आणि दुसऱ्याचा बाहेर उडवायचा. ज्याचा चेंडू गेला तो बाद. मुलांना हा खेळ फार आवडतो, पण त्यात सर्वांत आधी बाहेर बसते ते राखायला न येणारे मूल. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज तोच कडेला मातीत रेघोट्या ओढत बसतो, आणि ज्याला येते तो शेवटपर्यंत सराव करतो. समंजस प्रशिक्षक बाद हा प्रकारच ठेवत नाहीत. चेंडू बाहेर गेला तर आणायचा, चार-पाच वेळा पायाने खेळवायचा आणि परत आत यायचे. एवढ्या छोट्या बदलात न्यायाचा एक मोठा प्रश्न सुटतो. शाळांनी, परीक्षांनी, आपल्या एकूण व्यवस्थेने तो सोडवलेला नाही.

अनेक भाषांत वाचणाऱ्यांना ह्यातले काही परके वाटू नये. भाषा राखण्याच्या गोष्टी आपण सगळेच करतो, महाराष्ट्रात करतात, बंगालमध्येही करतात. बाराव्या नियमाची पहिली अट तिथे लावून पाहावी. चेंडू खेळण्याच्या टप्प्यात आहे का? जी भाषा आपण रोज बोलतो, लिहितो, मुलांशी भांडतो, तिच्याभोवती पाठ फिरवून उभे राहण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्यासाठी खांद्याचे धक्के सोसायची तयारीही हवी. पण जी भाषा पायापासून कधीच लांब गेली, जिच्यात घरात कुणी बोलत नाही, तिच्या नावाने दुसऱ्याची वाट अडवली तर ती राखण नव्हे. अनुवादाचेही तसेच. दुसऱ्या कुणाचे वाक्य काही काळ माझ्याजवळ असते. घाईने सोडले तर ते हरवते, आपलेच समजून बसले तर ते मरते. ते माझ्यापाशी असते ते पुढे द्यावे म्हणून.

मराठीतले 'राखणे' आणि बंगालीतले 'राखा' ही एकाच 'रक्ष्' धातूची लेकरे. मराठीने त्यात पहारा जपला: शेत राखायचे, मान राखायचा, शब्द राखायचा. बंगालीतही तो अर्थ आहे, पण रोजच्या बोलण्यात 'राखा' म्हणजे नुसते ठेवणे. किल्ली टेबलावर राखो, पिशवी खाली राखो. ह्या शहरात आल्यावर पहिली काही वर्षे मला ते ऐकताना गंमत वाटे. किल्लीला कसला पहारा? आता वाटते की एकाच शब्दात दोन्ही असणे बरोबरच आहे. जपून धरायचे, आणि वेळ आली की योग्य जागी ठेवून द्यायचे. माशिमांना मी एवढेच म्हणाले की तुमचा नातू पाठ करायला शिकला आहे, आता मान वर करायला शिकेल. तो कुणाला पास देतो ते पाहू.